एकोणिसावा गडी

लिंडसे ट्रेलोर रोज पहाटे मेंढ्या मोजायचा. घराजवळच्या कुरणात साठ-सत्तर मेंढ्या असत. उजाडायच्या सुमारास त्या एकामागून एक पाण्याच्या हौदाकडे निघत, आणि तो फाटकाला टेकून तीन-तीनच्या हिशोबानं मोजत राही. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मोजून झालं की तळहातानं फाटकाच्या खांबावर दोन थापा मारायचा आणि चहाला घरात जायचा. आजारी असला तरी कोट अंगावर ओढून जायचा. त्याची बायको नोला म्हणायची, "एखाद्या दिवशी नाही मोजल्यास तर त्या काय पळून जाणार आहेत?" तो म्हणायचा, "नाही. पण किती आहेत ते मला कळणार नाही ना."

आमच्या टालिंगात गव्हाची कोठारं, एक रस्ता, एक दुकान आणि फुटबॉलचं मैदान आहे. चार खांबांचा, लांबट चेंडूचा, चार भागांत खेळला जाणारा हा आमचा खेळ. एप्रिल ते सप्टेंबर दर शनिवारी गाव मैदानावर असतं. गाड्या कुंपणाला तोंड लावून उभ्या राहतात, आणि आपला गोल झाला की सगळे भोंगे एकदम वाजतात. लिंडसेनं सतराव्या वर्षी पहिल्यांदा टालिंगाची निळी-पांढरी जर्सी घातली. तो उंच नव्हता, वेगवानही नव्हता. पण चेंडू कुठं पडणार हे त्याला आधी कळायचं, आणि तिथं तो आधीच उभा असायचा. बाविसाव्या वर्षी मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबानं त्याला चाचणीला बोलावलं. तीन आठवडे राहिला, दोन सराव सामने खेळला आणि पेरणीच्या तोंडावर परत आला. का आलास, असं विचारल्यावर म्हणाला, "तिथं सकाळी मोजायला काही नव्हतं." तो थट्टा करत होता की नाही, हे तेव्हा कुणाला कळलं नाही.

पंचविसाव्या वर्षी तो कर्णधार झाला. त्याला कर्णधार केलं रॉय पेंगिलीनं. रॉय क्लबाचा अध्यक्ष, नोलाचा बाप, आणि एकोणीसशे एकोणचाळीस साली टालिंगानं शेवटचा चषक जिंकला त्या संघाचा कर्णधार. त्या अठरा जणांपैकी पाच जण पुढच्या सहा वर्षांत युद्धात गेले. मैदानाच्या फाटकाशी दगड आहे, त्यावर त्यांची नावं आहेत. रॉय आत जाताना दर शनिवारी त्या दगडाशी टोपी काढायचा. चषक परत आणायचा, हे तो कधी बोलून दाखवत नसे. गरजच नव्हती. मैदानात शिरणारा प्रत्येक जण त्या दगडाजवळूनच शिरायचा.

मोजायची आणखी एक सवय लिंडसेला रॉयनंच लावली होती. आमच्या खेळात मैदानावर एका बाजूचे अठरा गडी असतात. समोरच्यांचे अठरापेक्षा जास्त सापडले, तर त्या क्षणापर्यंतचे त्यांचे सगळे गुण पुसले जातात. पण आपोआप नाही. कर्णधारानं हात वर करून पंचाला मोजायला सांगावं लागतं, मग खेळ थांबतो, समोरचा संघ ओळीत उभा राहतो आणि पंच एकेकाला बोट लावत मोजतो. खेळ संपल्यावर तक्रार चालत नाही. असं कधी घडत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांत एखाद्या वेळी घडतं. तरी रॉयनं जावयाला बजावलं होतं, "गोल झाला की चेंडू मध्ये नेतात तेवढ्यात एकदा वळायचं आणि समोरचे मोजायचे. प्रत्येक वेळी. कर्णधाराचं ते काम आहे, पोरा."

"तुमच्या वेळी कधी जास्त निघाले होते का?"

"नाही. पण मी मोजायचो."

चौसष्ट सालचा अंतिम सामना बिरूकशी होता. बिरूक आमच्यापासून बावीस मैलांवर. तिथली माणसं जर्मन आडनावांची, कष्टाळू आणि आमच्या मते चिक्कू. त्यांच्या मते आम्ही आळशी. त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता आणि मैदानावर लाल धूळ उडत होती. तिसऱ्या भागात लिंडसेनं बिरूकच्या कीथ नॉस्केला खांदा दिला. नियमात बसणारा धक्का होता. पंचानं शिट्टीही वाजवली नाही. पण कीथचं डोकं कडक जमिनीवर आपटलं आणि तो उठला नाही. त्याला घोंगडीवर घालून बाहेर नेलं, त्याच्या जागी बदली गडी आला. त्या काळी एकदा बाहेर गेलेला परत खेळू शकत नसे.

शेवटच्या भागात पाच-सहा मिनिटं उरली असताना बिरूकनं गोल मारला आणि ते दोन गुणांनी पुढे गेले. चेंडू मध्ये नेत होते. लिंडसे वळला आणि मोजू लागला. सहा त्रिकुटं झाली आणि वर एक उरला.

तो वरचा त्याच्यापासून चार पावलांवर उभा होता. कीथ नॉस्के. कपडे बदलायच्या शेडमागं घोंगडीवर झोपवलेला कीथ कुणाचं लक्ष नसताना उठला होता, कुंपण ओलांडून आला होता आणि रोजच्या जागी येऊन उभा राहिला होता. एक मोजा घोट्यावर उतरलेला, कानाखाली रक्त सुकलेलं.

"कितवा भाग चाललाय?" त्यानं लिंडसेला विचारलं.

"शेवटचा."

"आपण पुढे आहोत का?"

लिंडसेनं पंचाकडे पाहिलं. तीस पावलांवर पंच चेंडू पुसत होता. हात वर करायचा होता, एवढंच. बिरूकचे सगळे गुण गेले असते. पंचवीस वर्षांनी चषक आला असता. कीथचे गुडघे वाकू लागले होते. लिंडसेनं त्याच्या बगलेत हात घातला आणि त्याला कुंपणाकडे चालवत नेलं. साठेक पावलं असतील. मध्येच कीथ थांबला आणि म्हणाला, "माझी टोपी," आणि लिंडसे म्हणाला, "आहे, आहे, चल." पाठीमागं पंचानं चेंडू उसळवला. चेंडू लिंडसेच्या सोडलेल्या जागेतून गेला, त्यानं ज्याला अडवून धरायचं त्या बिरूकच्या मोकळ्या सुटलेल्या गड्यानं तो पकडला आणि गोल केला. बिरूकच्या गाड्यांचे भोंगे वाजले. मग आम्हीही एक गोल मारला. पण दोन गुण कमीच राहिले.

त्या संध्याकाळी क्लबाच्या खोलीत कुणी फार बोलत नव्हतं. बायकांनी केलेल्या सँडविचांची ताटं तशीच होती. प्रशिक्षकानं बूट सोडता सोडता विचारलं, "लिंडसे, तुझा माणूस मोकळा कसा सुटला? तू होतास कुठं?"

"कीथ नॉस्के मैदानात आला होता. त्याला बाहेर नेऊन सोडलं."

"कीथ? तो तर बाहेर होता."

"परत आला होता."

रॉय दाराशी उभा होता. त्यानं हळू आवाजात विचारलं, "म्हणजे एकोणीस होते?"

"हो."

"तू मोजलेस?"

"मोजले."

रॉयनं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो बाहेर गेला.

पुढचा मोसम सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्ये, क्लबाची वार्षिक सभा असते. त्या पाच-सहा महिन्यांत गाव लिंडसेशी वाईट वागलं असं म्हणता येणार नाही. दुकानात त्याला सामान मिळत होतं. कापणीला शेजारी यंत्र घेऊन आले. फक्त तो आला की बोलणं हवामानावर वळायचं. एकदा न्हाव्याकडे कुणीतरी म्हणालं, "लिंडसेला विचारा, बाहेर किती जण बसलेत. तो मोजतो, पण सांगत नाही." सगळे हसले. लिंडसेही हसला, आणि नंबर सोडून घरी गेला.

सभेच्या आदल्या आठवड्यात रॉय त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. नोला भट्टीत लाकडाचे बुंधे सारत होती. रॉय म्हणाला, "हे बघ, मी सभेत विचारीन, मोजले होतेस का. तू म्हण, गडबडीत मोजायचं राहिलं. एवढंच. माणूस डोक्याला मार लागून आलाय, तू घाबरलास, राहिलं. माणसं चूक माफ करतात, लिंडसे. मीच पहिला उठून म्हणेन की झालं गेलं विसरा. कर्णधार तूच राहशील."

"पण मी मोजले होते."

"ते मला माहीत आहे. मीच शिकवलंय तुला."

"मग?"

"मग काय? फाटकाशी पाच नावं आहेत. त्यांच्या आया अजून गावात आहेत. त्यांना मी काय सांगू? की आमच्या पोरानं चषक हातात धरला, बघितला आणि खाली ठेवला?"

"त्याला ओळीत उभं करावं लागलं असतं, रॉय. त्याला उभं राहता येत नव्हतं."

"एक मिनिटाचा प्रश्न होता."

"हो. एकच मिनिटाचा."

रॉय गेल्यावर नोलानं भट्टीचं दार लावलं. "बाबांसाठी म्हण ना एकदा," ती म्हणाली. "खोटं असं काय आहे त्यात? माणसं रोज बोलतात याहून मोठं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला त्याच गावात, त्याच बायकांच्या शेजारी उभं राहून पुढची चाळीस वर्षं सँडविच करायची होती. लिंडसे म्हणाला, "नोला, मी तसं म्हटलं तर त्या दिवशी मी जे केलं, ते कुणीच केलं नाही असं होईल. नुसतंच घडलं, असं." तिला ते तेव्हा पटलं नाही. मला हे सांगताना ती म्हणाली, नंतरही पूर्ण पटलं असं नाही, पण नवरा कोण आहे ते त्या दिवशी कळलं.

सभेत रॉयनं विचारलं. लिंडसे उभा राहून म्हणाला, "मोजले होते. एकोणीस होते." आणि खाली बसला. दुसरा कर्णधार निवडला गेला.

एप्रिलमध्ये बिरूकनं त्याला बोलावलं. कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही व्हा, धान्यकोठारावर नोकरी, राहायला घर. पण क्लब बदलायचा तर जुन्या क्लबाकडून लेखी मोकळीक लागते. टालिंगानं ती लगेच दिली असती, न मागताही दिली असती. लिंडसेनं मागितलीच नाही. त्या वर्षी तो दुसऱ्या संघात खेळला, सकाळच्या सामन्यात, नवख्या पोरांबरोबर, रिकाम्या कुंपणासमोर. पुढच्या वर्षी पहिल्या संघाला मागे खेळायला माणूस कमी पडला आणि त्याला वर घेतलं. तिथून नऊ वर्षं तो मागच्या फळीत खेळला. टालिंगासाठी तीनशे अकरा सामने खेळला. एवढे कुणीच खेळलं नव्हतं. चषक काही आला नाही. एकदाही अंतिम सामन्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. खेळणं सोडल्यावर तो पांढरा कोट घालून गोलपंच झाला, गुरुवारी चुन्याच्या रेषा मारायचा, उन्हाळ्यात मैदानाला पाणी द्यायचा.

आमच्या क्लबाच्या भिंतीवर लाकडी फळा आहे. दहा वर्षं सेवा झाली की आजीव सभासद म्हणून सोनेरी अक्षरांत नाव लागतं. अट एकच: सभेत एकही हात विरोधात उठता कामा नये. लिंडसेचं नाव पहिल्यांदा त्र्याहत्तर साली कुणीतरी सुचवलं. रॉय उठला. "त्याला विचारतो. लिंडसे, मोजले होतेस का?" "मोजले होते." रॉयनं हात वर केला. दोन-तीन वर्षांनी परत नाव आलं, परत तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच हात. असं पाच वेळा झालं. सभा संपली की सासरे-जावई एकाच गाडीतून घरी जात, कारण रॉयला रात्री दिसायचं नाही आणि त्याचं घर लिंडसेच्या वाटेवर होतं. वाटेत ते पावसाबद्दल बोलत. नोलानं एकदा बापाला विचारलं, "बाबा, तो बोलणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, मग दर वेळी विचारता कशाला?" रॉय म्हणाला, "न विचारता हात वर करणं बरं दिसत नाही."

कीथ नॉस्के त्या दिवसानंतर खेळला नाही. डॉक्टरनं बंदी घातली होती. त्याच्या चालण्यात थोडा तोल कमी झाला होता आणि नावं विसरायचा, एवढंच. तो ट्रॅक्टर चालवायचा, लग्न केलं, बायको लवकर गेली. अंतिम सामन्याचं त्याला काही आठवत नव्हतं. लिंडसेचा खांदाही नाही आणि हातही नाही. सगळं लोकांनीच सांगितलेलं. तो टालिंगाला मेंढ्यांच्या बाजाराला आला की लिंडसेला शोधून काढायचा आणि सर्वांसमोर झापायचा.

"लेका, तू हात वर करायला हवा होतास. मी असतो तर केला असता."

"तू उभा राहू शकत नव्हतास."

"मग आडवा मोजला असता पंचानं. नियमात कुठं लिहिलंय, गडी उभाच पाहिजे?"

"पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

"चषक माझा, शिव्या तुला. मूर्ख आहेस." आणि मग दोघं कुंपणाला टेकून मेंढ्यांचे भाव ऐकत उभे राहत.

ऐंशीच्या दशकात शेतं मोठी होत गेली आणि माणसं कमी. बँक गेली, मग शाळेचा वरचा वर्ग. एका वर्षी आमच्याकडे अठरा गडी पुरे होईनात. बिरूकची गत तीच. एक्क्याण्णव साली दोन्ही क्लब एक करायचं ठरलं. जर्सीवर आमचा निळा राहील की बिरूकचा गडद लाल, यावर तीन सभा गेल्या. शेवटी दोन्ही रंगांचे पट्टे आले, आणि ते कुणालाच आवडले नाहीत. दोन्ही गावांचे फळे एका भिंतीवर शेजारी-शेजारी लागले.

एकत्रित क्लबाची पहिली सभा आमच्या सभागृहात झाली. बिरूकच्या बाजूनं एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "आम्ही लिंडसे ट्रेलोरचं नाव आजीव सभासद म्हणून सुचवतो." टालिंगाच्या बाकांवर कुणी हललं नाही. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथं रॉय बसला होता, एक्क्याऐंशी वर्षांचा, काठी गुडघ्यांमध्ये धरून. त्याच्या मागच्या रांगेत नोला होती. तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरलेली होती. अट आता दोन्ही गावांची होती, पण होती तीच: एकही हात नको.

रॉय उठायला वेळ लागला. "त्याला विचारतो," तो म्हणाला. बिरूकची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना हे माहीत नव्हतं. "लिंडसे. सत्तावीस वर्षं झाली. माणसाच्या लक्षात राहत नाही. मलाच काल काय जेवलो ते आठवत नाही. विसरलो म्हणालास तरी इथं कुणी काही बोलणार नाही. मोजले होतेस का?"

लिंडसे छप्पन्न वर्षांचा होता. केस पांढरे झाले होते. तो उभा राहिला तेव्हा खुर्ची मागं सरकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मोजले होते, रॉय. एकोणीस होते."

रॉय चिटणीसाकडे वळून म्हणाला, "लिहून घे. तो मोजले म्हणतो. दर वेळी तेच म्हणाला, असंही लिही." चिटणीस लिहू लागला. "चषक गेला तो गेलाच," रॉय म्हणाला. "ते मी विसरणार नाही आणि कुणाला विसरू देणार नाही. पण माणूस खोटं बोलला असता तर आज काहीच उरलं नसतं, ना चषक, ना हा." तो खाली बसला. विरोधात कोण, असं विचारलं गेलं. रॉयचे दोन्ही हात काठीवर होते. नोलानं खुर्चीची पाठ सोडली.

बिरूकच्या शेवटच्या रांगेतून कीथचा आवाज आला, "मी विरोधात करू का? मूर्ख आहे तो." तेव्हा सभागृह हसलं, दोन्ही गावांचं हसू तिथं पहिल्यांदाच एकत्र ऐकू आलं.

सभेनंतर सासरे-जावई एकाच गाडीतून घरी गेले. त्या वर्षी पाऊस उशिरा होता, आणि ते त्याबद्दलच बोलले असणार. दोन वर्षांनी रॉय गेला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत लिंडसे पुढे होता.

फळ्यावर नाव लागलं, पण ते बघायला लिंडसे मुद्दाम कधी गेला नाही. कीथ एकटा राहत होता, त्याला गाडी चालवायची परवानगी उरली नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी लिंडसे बावीस मैल जाऊन त्याला घेऊन यायचा. दोघं कुंपणाशी गाडी लावून बसायचे, मांडीवर एकच घोंगडी घेऊन. नोला मागं बसून विणायची. कीथ पंचांना शिव्या द्यायचा. नोलाला ते दोघं भांडताना ऐकू यायचे, भांडण कशावरून ते कधी कळायचं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी लिंडसे तिसऱ्या भागात तसाच बसल्या जागी गेला. कीथला वाटलं, त्याला डुलकी लागलीय. त्यानं घोंगडी त्याच्या खांद्यापर्यंत ओढली आणि सामना पाहत राहिला. आपला गोल झाला, भोंगे वाजले, तरी लिंडसे हलला नाही, तेव्हा कळलं.

त्याच्या थोडं आधी, मधल्या सुट्टीत, नोला मटणाच्या गरम पाई आणायला खाण्याच्या खिडकीकडे निघाली होती. गार वारा होता, रांग लांब होती. लिंडसेनं काच खाली केली आणि तिला हाक मारून म्हणाला, "नोला, कीथची पाई जरा निवू दे हं. घाई करतो आणि तोंड भाजून घेतो."